डिस्क आणि पॅड बदलताना

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं आणि नदीजवळच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. 2019 च्या 31 जुलैलाही एका दिवसाच्या पावसाने शहराची अशीच गत झाली होती. पाणी ओसरल्यावर इंजिन, वायरिंग, सीट यांच्यावर हजारो रुपये खर्च होतात. ब्रेक मात्र तसेच राहतात, कारण पेडल दाबलं की गाडी थांबते. डिस्कवर आलेला तांबूस गंज चार वेळा ब्रेक लावला की पुसला जातो, त्याची काळजी नको. खरं नुकसान न दिसणाऱ्या जागी होतं: कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिनांवर, पिस्टनभोवतीच्या रबरात, आणि डिस्क हबवर जिथे टेकते त्या सपाट जागेवर. तिथे गाळ बसतो, गंज धरतो. काही महिन्यांनी ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढायला लागते, स्टिअरिंग थरथरतं, एक पॅड लोखंडापर्यंत झिजतो आणि त्याचा जोडीदार अर्धाही झिजलेला नसतो. गॅरेजमध्ये नवे पॅड टाकून मिळतात आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं.

पुरात न सापडलेल्या गाडीलाही हे काम कधी ना कधी करावंच लागतं. स्विफ्ट, बलेनो, टियागो, आय-20 अशा बहुतेक हॅचबॅकना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचा मोठा भार पुढच्या दोन चाकांवरच पडतो. ही कृती त्या पुढच्या जोडीची आहे. नवे भाग बसवायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो साफ करायला आणि मोजायला, आणि तो दिलाच पाहिजे. ज्याने कधी स्वतः स्टेपनीसुद्धा बदललेली नाही, त्याने पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी उभं करून हे करावं. ब्रेकच्या कामात अंदाजपंचे काही करू नये.

आधी निदान

चाक काढून दोन्ही बाजूंचे पॅड पाहा. नव्या पॅडवरचा मसाला साधारण 10 मिलिमीटर जाड असतो, 3 मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा. पण जाडीपेक्षा झीज कशी झाली आहे ते जास्त बोलकं असतं. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शाबूत असेल, तर पिना अडकल्या आहेत. कॅलिपर सरकत नाही, म्हणून पिस्टनकडचा पॅड एकटाच राबतो. एका चाकाचे दोन्ही पॅड दुसऱ्या चाकापेक्षा खूप झिजले असतील, तर पिस्टन परत फिरत नाही किंवा ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून तेल अडवतो. पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल, तर तो कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने जाम झाला आहे. ही कारणं दूर न करता नवे पॅड घातले, तर तेही तसेच झिजणार.

डिस्कची जाडी मोजताना एक चूक नेहमी होते. पॅड जिथे पोचत नाही त्या बाहेरच्या कडेला डिस्कचा ओठ राहतो. साधा व्हर्नियर त्या ओठावर बसतो आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मायक्रोमीटर नसेल तर दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना झिजलेल्या पट्ट्यावर एकेक धरा, व्हर्नियरने सगळं मिळून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. असं सहा-आठ ठिकाणी करा. किमान जाडीचा आकडा डिस्कच्या मधल्या टोपीवर किंवा कडेवर कोरलेला असतो. गंजाखाली दडला असेल तर तारेच्या ब्रशने घासल्यावर दिसतो. माप त्याच्या जवळ आलं असेल तर डिस्क बदला. मकरपुरा जीआयडीसीत लेथवर डिस्क साफ करून देणारे मिळतात, आणि जाडी भरपूर शिल्लक असेल तर ते चांगलं काम आहे. पण किमान आकड्याच्या वर अर्धा मिलिमीटर उरलेली डिस्क लेथवर नेऊ नका. पातळ डिस्क लवकर तापते, आणि तापलेल्या डिस्कला तडा जातो.

काय घ्यायचं, आणि काय घेऊ नये

दुकानात गेलं की मोठ्या डिस्कचा, भोकं पाडलेल्या डिस्कचा, लाल रंगाच्या कॅलिपरचा विषय निघतोच. माझं मत स्पष्ट आहे: रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि सुट्टीत सापुताऱ्याला जाणाऱ्या हॅचबॅकला यातलं काही लागत नाही. जोरात ब्रेक लावल्यावर चाक लॉक होत असेल किंवा एबीएस गुरगुरत असेल, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहे. पुढचं थांबणं टायर आणि रस्ता यांच्यावर आहे. तिथे मोठी डिस्क लावून गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. उलट पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने जुळवलेला तोल बिघडतो, आणि 14 इंची रिममध्ये मोठा कॅलिपर मावतही नाही. भोकांच्या डिस्कला त्या भोकांपासूनच चिरा पडायला लागतात. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 52 चा रोख निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांच्या विरुद्ध आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते ती वेगळीच.

ब्रेक खरोखर सुधारायचे असतील तर पैसे या क्रमाने खर्च करा. आधी टायर. मग ब्रेक ऑइल. मग चांगले पॅड. मग कंपनीच्या मापाची, नावाजलेल्या उत्पादकाची डिस्क. गाडी दहा वर्षांची झाली असेल तर रबरी पाइपही.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त सुधारणा तीच आहे आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट-3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट-4 किमान 230 अंशांपर्यंत. ओलावा शिरल्यावर हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. पावागढला माचीवरून गाडी खाली आणताना, किंवा सापुताऱ्याचा घाट चार माणसं आणि सामान घेऊन उतरताना, सतत ब्रेकवर पाय असेल तर कॅलिपरमधलं तेल या तापमानाकडे जाऊ लागतं. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे येतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल जमिनीला टेकूनही गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचंच. पुरात ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणापर्यंत पाणी आलं असेल तर त्याच आठवड्यात बदलायचं. मॅन्युअलमध्ये डॉट-3 लिहिलं असेल तरी डॉट-4 चालतं, मात्र डॉट-5 कधीही घालू नका. ते सिलिकॉनचं असतं आणि या तेलांत मिसळत नाही. डॉट-5.1 वेगळं, ते चालतं.

पॅडच्या पाठीवर उत्पादकाच्या खुणांसोबत एफएफ, जीजी अशी इंग्रजी अक्षरांची जोडी असते. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. दोन्ही अक्षरं सारखी असलेला एफएफ पॅड शहर आणि हायवे दोन्हींना उत्तम. दुसरं अक्षर ई असलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो. तो घाटात नेणाऱ्याने घेऊ नये. रेसिंगचे म्हणून विकले जाणारे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि सकाळी रावपुऱ्यातल्या गर्दीत पहिलाच ब्रेक लावताना ते थंडच असतात.

डिस्क आणि पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ओढणार. पॅडसोबत नव्या क्लिपाही घ्या, आणि त्याच खरेदीत ब्रेक क्लीनरचा स्प्रे व पिनांसाठी सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे लावलं की पिनेभोवतीच्या बुटाचं रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा जाम होते.

गाडी उचलणं

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर पावसाळ्यानंतर जॅक खचतो, म्हणून खाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके किंवा दगड लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करा आणि मग जॅक लावा. स्टेपनी बदलायचा जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. उचललेली गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय हात आत घालू नका. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली तर कोणती क्लिप कुठे, आवाज करणारी झीजसूचक पट्टी वर की खाली, हे तिच्याकडे पाहून कळतं. कॅलिपरच्या मागचे बोल्ट समोर येतील अशा बाजूला स्टिअरिंग वळवा.

उघडणं आणि साफ करणं

बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढा. पिस्टन मागे ढकलल्यावर तेल वर चढतं, म्हणून पातळी काठाला असेल तर नव्या, कोरड्या सिरिंजने थोडं काढून घ्या. हे तेल रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

कॅलिपरच्या खालच्या पिनेचा बोल्ट गोटी पान्याने काढा, पिन फिरत असेल तर ती ओपन पान्याने धरा. मग वरचा. कॅलिपर सुटला की त्याला तारेने स्प्रिंगला टांगा. रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका, पाइपाची आतली वीण तुटते आणि बाहेरून कळत नाही. जुने पॅड काढा. मग ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट. ते घट्ट असतात, विशेषतः पुरात बुडालेल्या गाडीत. गंज सोडवायचं तेल फवारून पंधरा मिनिटं थांबा आणि लांब दांड्याच्या पान्याने सलग जोर द्या. झटके मारले की बोल्टाचं डोकं गोल होतं किंवा आटे जातात.

आता डिस्क. काही गाड्यांत तिला दोन लहान स्क्रू असतात. मारुतीच्या गाड्यांत डिस्कच्या टोपीवर आटे पाडलेली दोन भोकं दिसतात. त्यांत 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की हबला चिकटलेली डिस्क स्वतःच सुटून येते. हातोड्याने बडवायची गरज नाही, आणि बडवलं तर मार बेअरिंगला बसतो.

ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. मास्क घाला, क्लीनर फवारा, फडक्याने टिपा.

आता ज्या पायरीला गॅरेजमध्ये बहुधा फाटा दिला जातो ती पायरी: हबचा चेहरा. डिस्क जिथे टेकते ती सपाट जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत साफ करा, मधला गोल काठ आणि प्रत्येक बोल्टाच्या मुळाशीसुद्धा. तिथे गंजाची एक पापडी राहिली तरी डिस्क किंचित तिरपी बसते. फिरताना तिचा काठ मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी डोलतो, आणि दर फेरीला एकाच जागी पॅडला घासून जातो. त्या जागेची झीज वेगळी, तिथे बसणारा पॅडचा थर वेगळा. हळूहळू डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, गंजावर बसवलेली असते.

नवी डिस्क तेलाच्या पातळ थरासह येते. दोन्ही बाजू क्लीनरने धुवा, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. डिस्क हबवर ठेवून तीन-चार नट वॉशर घालून आवळा आणि हाताने फिरवा. डायल गेज मिळालं तर काठापासून आत 5 ते 10 मिलिमीटरवर मोजा. डोल 0.05 मिलिमीटरच्या आत असेल तर काम उत्तम, 0.10 च्या वर गेला तर डिस्क काढून एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवा, नाहीतर हब पुन्हा घासा.

ब्रॅकेटमधल्या पिना बाहेर काढा. त्यांवरचं जुनं, काळं पडलेलं ग्रीस पुसा, भोकांतला गाळ काढा. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या, फाटलेला बूटही नवा घ्या. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. भोक ठासून भरलं तर आतली हवा कोंडते आणि पिन परत बाहेर येते. काही गाड्यांत एका पिनेला रबराची कडी असते, म्हणून वरची वरच आणि खालची खालीच. पिन दोन बोटांनी सहज आत-बाहेर झाली पाहिजे. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात त्या खाचा क्लिपा काढून घासा, आणि मग नव्या क्लिपा घाला.

बसवणं

पिस्टनचं रबर फाटलं आहे का, कडेला तेलाची ओल आहे का, ते पाहा. तसं असेल तर इथे थांबा, कॅलिपर दुरुस्तीला द्या. ठीक असेल तर जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ मागे दाबा. तेल फार जुनं, काळं असेल तर ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून ते थोडं उघडा, म्हणजे घाण एबीएसच्या युनिटकडे न जाता बाटलीत येते. दाबणं थांबवण्याआधी निपल बंद करा. हात थांबून निपल उघडं राहिलं तर हवा आत शिरते. मागेही डिस्क असलेल्या हॅचबॅकमध्ये मागचा पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो. तिथे क्लॅम्प लावलात तर आतली यंत्रणा मोडते.

ब्रॅकेट बसवा, बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. आकडा तुमच्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. हॅचबॅकमध्ये ब्रॅकेटचे बोल्ट बहुधा 85 ते 110 न्यूटन-मीटरच्या घरात असतात, पिनांचे बोल्ट त्यांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे. पिनांच्या बोल्टांवर घामटं निघेपर्यंत जोर लावणं हेच त्यांचे आटे जाण्याचं मुख्य कारण आहे. पॅड सरकवा, सूचक पट्टीचा पॅड जुना होता त्याच जागी. मसाल्याला किंवा डिस्कला ग्रीसचा ठिपकाही लागता कामा नये. कॅलिपर चढवा, पाइपाला पीळ पडला नाही ना ते पाहा. चाक लावून नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवा, गाडी खाली घ्या, आणि शेवटचा आवळा टॉर्क रेंचने द्या.

दुसरी बाजू तशीच.

मग, चावी फिरवण्याआधी, पेडल पंप करा. पिस्टन मागे गेलेले आहेत. पहिले काही दाब पोकळ जातात. पेडल वर येऊन दगडासारखं होईपर्यंत गाडी एक इंचही हलवायची नाही. टाकीतली पातळी पाहून नवीन, सीलबंद बाटलीतलं तेल भरा.

तेल पूर्ण बदलायचं असेल तर घरातल्या कुणालातरी पेडलवर बसवा आणि तीनच शब्द ठरवा: दाब, धर, सोड. तो दाबून धरतो, तुम्ही निपल उघडता, पारदर्शक नळीतून जुनं तेल बाटलीत जातं, निपल बंद केल्यावरच त्याला सोड म्हणायचं. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. जुनं तेल गटारात न टाकता बंद बाटलीत भरून गॅरेजमध्ये द्या.

पॅड रुळवणं

नवा पॅड पहिल्या दिवशी पुरता धरत नाही. त्याचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. पहाटे, हालोल रस्त्यासारखा मोकळा पट्टा धरा, आणि आरशात मागे कुणी नाही हे दर वेळी पाहा. 60 वरून 20 पर्यंत मध्यम, एकसारख्या दाबाने वेग उतरवा, पुन्हा हळूहळू 60 गाठा, अर्धा मिनिट जाऊ द्या, पुन्हा उतरवा. आठ-दहा वेळा. मधे पूर्ण थांबू नका. तापलेला पॅड एका जागी दाबून राहिला तर तिथेच त्याचा ठसा उमटतो. शेवटी दहा मिनिटं ब्रेक फारसा न लावता चालवा. थोडा जळका वास येतो, तो ठीक आहे. पांढरा धूर ठीक नाही.

पुढचे 200-300 किलोमीटर जपून चालवा आणि या काळात अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर वेग काढू नका. हजार किलोच्या गाडीत ताशी 50 ला साधारण 96 किलोज्यूल ऊर्जा असते, 100 ला जवळजवळ 386. वेग दुप्पट, पण डिस्कला पचवायची उष्णता चौपट.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट थंड असताना पुन्हा टॉर्कने तपासा, निपल आणि पाइपांच्या जोडाशी ओल नाही ना हे बोट फिरवून पाहा. थोड्या प्रवासानंतर दोन्ही चाकांजवळ हात न्या; एक रिम दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागली तर त्या बाजूची पिन किंवा पिस्टन अडकतो आहे, ते उघडा. तारीख, किलोमीटर आणि डिस्कची मोजलेली जाडी सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. आणि पेडल कधीही मऊ लागलं, पायाखाली हळूहळू खाली जायला लागलं, तर गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टोइंग मागवा.